दोन नंबरच्या मोटरचा चौथा पाय

पंपहाऊसमध्ये सगळे त्याला मामा म्हणत. खरं तर तो दाजींच्या एकुलत्या एका मुलीचा मामा. पण दाजी तिथले सगळ्यांत जुने ऑपरेटर, आणि 'मामाला बोलवा', 'मामाला विचारा' हे त्यांच्या तोंडून दिवसातून वीस वेळा ऐकून साहेबांपासून झाडलोट करणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांचाच तो मामा होऊन बसला. पाठीमागे त्याला 'पॉइंट' म्हणत. फिटर माणूस, आणि 'जरासं', 'थोडंसं' असले शब्द त्याला खपत नसत. जरासं म्हणजे किती, पॉइंट एक की पॉइंट दोन, असं तो अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारायचा.

"आमच्या मेहुण्याला चहात साखर घालायची तरी आधी डायल लावावा लागतो," दाजी म्हणायचे आणि स्वतःच खो खो हसायचे. पंपांच्या आवाजात तीस वर्षं काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं. म्हणून बोलणंही मोठं आणि हसणंही मोठं.

मामाची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून तो संध्याकाळी ताईकडे, म्हणजे दाजींच्याच घरी, जेवायचा. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला लहानाचं मोठं तिनंच केलं. ही नोकरीसुद्धा दाजींनी शब्द टाकला म्हणून लागलेली. दाजींनी ते कधी बोलून दाखवलं नाही आणि मामा ते कधी विसरला नाही.

पंपहाऊस नदीकाठी होतं. तिथून तीन पंप टेकडीवरच्या टाकीत पाणी चढवायचे आणि टाकीतून ते गावभर जायचं. प्रत्येक पंपाला एक मोटर. पंप आणि मोटर एकाच लोखंडी बैठकीवर समोरासमोर बसवलेले, मधे दोघांना जोडणारं कपलिंग. मोटरचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, वेगळा, पंपाचा वेगळा, पण फिरताना दोन्ही मिळून एकच शाफ्ट असल्यासारखे सरळ रेषेत फिरले पाहिजेत. ती रेषा जुळवणं हे मामाचं काम. त्यात तो वाकबगार होता. त्यानं जुळवलेल्या पंपावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवला तर थेंब सांडत नाही, असं दाजी नव्या माणसांना सांगायचे. एकदा त्यांनी तसं करूनही दाखवलं होतं. दोन-चार थेंब सांडले, पण ते दाजींनी मोजले नाहीत.

त्या वर्षी एक नंबरचा पंप मोठ्या दुरुस्तीला गेला आणि आठवड्याभरात दोन नंबरची मोटर जळाली. उरला तीन नंबर. एका पंपावर पाणी टेकडीकडच्या वस्तीपर्यंत पोचेना. ताईचं घर त्याच वस्तीत होतं. गुडघे धरलेली ताई रोज सकाळी टँकरच्या रांगेत उभी राहायची आणि दोन कळश्या घेऊन पायऱ्या चढायची. भाची नोकरीला दुसऱ्या टोकाला, ती पहाटेच बाहेर पडायची. मामा आणि दाजी जमेल तेव्हा पाणी भरून द्यायचे. जमायचं कमीच, कारण दोघांनाही पंपहाऊस सोडता येत नव्हतं.

दहाव्या दिवशी मोटर नवीन वायंडिंग करून परत आली. क्रेनच्या साखळीनं ती बैठकीवर उतरवली आणि मामा त्याच्या सवयीनं बोल्ट आवळायच्या आधी फिलर गेज घेऊन चारही पायांभोवती फिरला. फिलर म्हणजे पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा. पाय नीट टेकला असेल तर त्याखाली सर्वांत पातळ पातंही जात नाही. पहिल्या तीन पायांखाली गेलं नाही. चौथ्या पायाखाली, मागच्या उजव्या, पातं लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं.

मामा गुडघ्यांवर बसला. बाहेरच्या कडेला पॉइंट सात मिलिमीटर. आतल्या कोपऱ्यात पॉइंट दोन. फट सरळ असती तर तेवढ्या जाडीची पत्र्याची शिम घालून काम भागलं असतं. ही फट तिरकी होती. याचा अर्थ पाय नव्हे, खालची बैठकच एका कोपऱ्यात खचली होती. त्यानं हातोडीनं बैठकीवर ठोकून बघितलं. तीन कोपऱ्यांत घट्ट आवाज आला, चौथ्यात भद्द. वर्षानुवर्षं पंपाचं गळणारं पाणी त्याच बाजूनं वाहत होतं आणि त्यानं लोखंडाखालचं काँक्रीट खाऊन पोकळ केलं होतं.

साहेब दारातच उभे होते. वयानं मामापेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार, आणि त्या दहा दिवसांत डोळे खोल गेलेले. हातातला फोन थरथरत होता, ते उचलत नव्हते.

"पाय टेकत नाही," मामा म्हणाला. "खालचा कोपरा फोडून नवीन भरावा लागेल."

"किती दिवस?"

"आठ. घाई केली तर सहा. काँक्रीट सुकल्याशिवाय वजन ठेवता येणार नाही."

साहेबांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "मामा, काल माझ्या दारात बायका रिकाम्या बादल्या वाजवत उभ्या होत्या. माझी आई घरात एकटी होती. ती संध्याकाळपर्यंत दार उघडायला तयार नव्हती."

"कळतंय साहेब."

"चारांतले तीन पाय टेकलेत ना? टेबलसुद्धा तीन पायांवर उभं राहतं."

"टेबल फिरत नाही साहेब."

साहेब हसले नाहीत. "एक नंबर परत येईपर्यंत चालवा. दहा-बारा दिवस. मग हा बंद करून तुम्ही म्हणाल तसं करू. माझा शब्द आहे."

मामानं फिलरचं पातं पुन्हा एकदा चौथ्या पायाखाली सरकवून बघितलं. याहून वाईट अवस्थेतली यंत्रं त्यानं चालताना पाहिली होती, हे खरं. काही वर्षानुवर्षं चालतात. काही चालत नाहीत. कुठलं चालेल हे आधी सांगता येत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर ताई आली, कमरेवर कळशी आणि एक हात भिंतीला. त्यानं पत्र्याची कात्री मागवली.

चौथ्या पायाखाली त्यानं शिमांचे तुकडे कापून एकावर एक रचले, बाहेरच्या कडेला जास्त, आत कमी. वीतभर पान्याला पाइप लावून बोल्ट आवळला. पाय खाली आला. पण तो टेकला नव्हता, त्याला दाबून धरलं होतं. त्याबरोबर मोटरचं सगळं अंग किंचित पिळलं गेलं, आणि मामानं त्या पिळलेल्या अंगाचीच पंपाशी रेषा जुळवली. रेषेतला फरक मोजणाऱ्या डायलचा काटा पॉइंट शून्य पाचच्या आत राहिला. आकडा खोटा नव्हता. पण तो थंड, थांबलेल्या मोटरचा आकडा होता. ती फिरायला लागून गरम झाली की तो तसाच राहील याची खात्री देता येत नव्हती.

काम पूर्ण झाल्याच्या फॉर्मवर तिसरा रकाना होता, 'चारही पाय टेकले आहेत: होय / नाही'. मामानं 'होय'भोवती गोल केला आणि खाली सही केली. दाजी बाजूला उभे राहून ओल्या फडक्यानं मोटरवरचे हातांचे डाग पुसत होते. त्यांनी फॉर्म बघितला नाही. मामानं केलेलं काम त्यांनी आजवर कधीच तपासलं नव्हतं.

संध्याकाळी वस्तीतल्या नळांना पाणी आलं. ताईनं घरातली झाडून सगळी भांडी भरून ठेवली, अगदी वाट्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी दाजींनी दोन नंबरच्या बेअरिंगला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला टेकवली. कानानं ऐकू येत नसे तेव्हा ते असं हाडानं ऐकायचे. बराच वेळ ऐकून ते मामाला म्हणाले, "ही नीट गात नाही. मधेच दोन-दोन ठोके देते."

"नवीन वायंडिंग आहे. बसेल," मामा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईकडे पानं वाढलेली असताना दाजींनी खिशातून कागदाची पुडी काढून मामाच्या ताटाशेजारी ठेवली. आत काळी पूड होती, चिमूटभर.

"तुझी दोन नंबर काजळ पाडतेय," दाजी म्हणाले. "कपलिंगखाली सापडलं. म्हटलं, मामाला नजराणा द्यावा."

"ते आधी ताटाजवळून उचला," ताई म्हणाली.

मामानं पूड दोन बोटांत चोळली. रबर होतं. कपलिंगच्या पिनांभोवती रबराचे बुश असतात. दोन शाफ्ट एका रेषेत नसले की प्रत्येक फेऱ्यात ते चेंगरतात आणि झिजून खाली पडतात. रबर संपलं की मग पोलादावर पोलाद. हे त्याला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. दाजींनाही अर्धंमुर्धं माहीत होतं, म्हणून तर त्यांनी पुडी आणली होती.

"काळजीचं आहे का?" दाजींनी विचारलं. हसत नव्हते.

भाची पाणी पिता पिता थांबून मामाकडे बघत होती. ताई वाढत होती.

"बुश नवीन आहेत. सुरुवातीला थोडी पूड पडते," मामा म्हणाला. "दोन दिवसांत थांबेल."

"थोडी म्हणजे किती? पॉइंट एक की पॉइंट दोन?" भाचीनं त्याचीच नक्कल केली आणि सगळे हसले. मामाही हसला. पुडी त्यानं घडी करून खिशात टाकली. त्या वेळी तो खरं बोलला असता तर दाजींनी दुसऱ्या दिवशी पंप बंद करायचा हट्ट धरला असता, साहेबांशी वाद घातला असता, आणि फॉर्मवरची सही बाहेर आली असती. हे सगळं जेवताना त्याच्या डोक्यात होतं. नंतर त्यानं स्वतःशी पुष्कळ शोध घेतला, पण याहून मोठं कारण त्याला सापडलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी तो टेकडीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडून बसला होता. फोन वाजला. मागे पंपांची घरघर, आणि दाजींचा नेहमीचा मोठा आवाज.

"अरे, कपलिंगवरच्या जाळीचा एक बोल्ट तुटलाय. जाळी आत कलली आणि घासतेय. ठिणग्या उडतायत. बंद करू का?"

मामानं टाकीत डोकावून बघितलं. पाणी अर्ध्याच्याही खाली होतं. पंप बंद केला तर कपलिंग उघडावं लागणार. उघडलं तर झिजलेले बुश साहेबांना दिसणार, आणि नवीन बुश उद्या सकाळशिवाय मिळणार नाहीत.

"बंद नका करू. जाळी काढून बाजूला ठेवा. मी अर्ध्या तासात पोचतो," तो म्हणाला. मग घाईनं पुढं म्हणाला, "जरा लांब राहा त्याच्यापासून."

"लांब राहून जाळी कशी काढू, काठीनं?" दाजी हसले. "बरं. ये तू."

मामा पोचला तेव्हा पंपहाऊस शांत होतं. सगळ्या पंपांचा आवाज एकाच वेळी बंद झालेला त्यानं आजवर कधी अनुभवला नव्हता. वॉचमननं मुख्य स्विच पाडला होता. झाडणारी बाई भिंतीला पाठ लावून बसली होती आणि तिच्या हातातला झाडू सुटत नव्हता. दाजी कपलिंगपासून तीन पावलांवर आडवे होते. जाळी त्यांनी नीट भिंतीला टेकवून ठेवली होती, तिचे तीन बोल्ट आणि वायसर एका डब्यात घालून. कपलिंगची एक पिन तुटून उडाली होती. अंगठ्याएवढी जाड, बोटभर लांब. ती त्यांच्या गळ्याखाली लागली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

ताईनं रडारड केली नाही. ती एवढंच विचारत राहिली की त्यांना दुखलं का. डॉक्टर म्हणाले, नाही, कळायच्या आतच. तिनं ते मामाकडून पुन्हा वदवून घेतलं. मग भाचीकडून.

चौकशी लागली. बाहेरच्या एक अधिकारी बाई आल्या, त्यांनी जागेचे फोटो काढले, जबाबासाठी तारीख दिली आणि पंप दुरुस्त करायला परवानगी दिली. ऑफिसात पहिला अहवाल टाइप झाला. मामानं तो नोटीस बोर्डावर वाचला. 'ऑपरेटरने चालू यंत्रावरील संरक्षक जाळी कोणाच्याही आदेशाशिवाय काढली.' एवढं एकच वाक्य त्याला दिसलं, बाकीची अक्षरं धूसर झाली. दाजींचा फोन त्याला आला होता हे कुणाला माहीत नव्हतं. ऑफिसच्या नोंदीत तीस वर्षांत दाजींच्या नावावर एकही चूक नव्हती. आता ही पहिली आणि शेवटची.

घरी ताई म्हणाली, "ते असं करतील का रे? परवानगीशिवाय?"

मामा कळशी उचलून टँकरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. 

दाजी गेल्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी तो कामावर गेला तेव्हा गवंडी आलेले होते. दोघांच्या हातात काँक्रीट फोडायची मशीन, बाहेर वाळू-सिमेंट उतरत होतं. फोडायचं काम होईपर्यंत तीन नंबरही बंद ठेवला होता. साहेबांनी दिलेला शब्द पाळला होता. मोटर उतरवून खचलेला कोपरा फोडायचा आणि नवीन भरायचा, अगदी मामानं सांगितलं होतं तसंच. मामा बघत उभा राहिला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. एकदा कोपरा फुटला की फट गेली. शिमांचे तुकडे भंगारात. फॉर्मवरचा 'होय' खरा ठरणार आणि उरणार ती भिंतीला टेकवलेली जाळी.

गवंड्यानं मशीनची वायर लावली. मामा पुढं झाला आणि दोन नंबरच्या मोटरच्या मागच्या उजव्या पायाजवळ, बैठकीच्या कडेवर बसला.

"काका, उठा. लागेल," गवंडी म्हणाला.

"लागू दे."

साहेबांना बोलावून आणलं. त्यांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं आणि मामाच्या समोर उकिडवे बसले.

"मामा, तुमच्या घरातला माणूस गेलाय. तुमची मनःस्थिती मला कळते. पण बाहेर लोक जमलेत. पुन्हा पाणी बंद आहे."

"ऐकू येतंय मला."

"मग काय हवंय?"

"त्या बाईंनी हा पाय बघायला हवा. फोडायच्या आधी."

साहेबांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला. ते खालच्या आवाजात म्हणाले, "सही तुमची आहे. बुडाल तर आधी तुम्ही बुडाल."

"माझी आहे," मामा म्हणाला. "'चालवा' कोण म्हणालं, तेही सांगणार आहे."

नोटिशीवर अधिकारी बाईंचा नंबर होता. मामानं तिथं बसूनच फोन लावला. बाई म्हणाल्या, मी गुरुवारी येणारच आहे. मामा म्हणाला, "गुरुवारी बघायला काही उरणार नाही बाई. आजच या."  चार वाजता येते, त्या म्हणाल्या, आणि कुटुंबाचाही जबाब तिथंच घेते.

साडेनऊपासून चारपर्यंत तो तिथून हलला नाही. फाटकाबाहेर लोक ओरडत होते. कुणीतरी सांगितलं की एक फिटर अडून बसलाय म्हणून पाणी येत नाही, आणि मग ते त्यालाच शिव्या द्यायला लागले. दोन-तीन दगड पत्र्यावर आदळले. वॉचमननं आणून दिलेला चहा त्याच्या शेजारी गार झाला.

बाई आल्या तेव्हा त्यांच्यामागून ताई आणि भाचीही आत आल्या. दाजी गेल्यावर ताई पहिल्यांदाच तिथं येत होती. तिनं जमिनीकडे बघितलं नाही. ती दाराशीच खुर्चीवर बसली. मामाला वाटलं, तिला बाहेर थांबायला सांगावं. सांगितलं नाही.

त्यानं डायल गेज चुंबकाच्या स्टँडवर बसवला आणि त्याची सुई चौथ्या पायावर टेकवून काटा शून्यावर आणला.

"बाकीचे तीन बोल्ट आवळलेले आहेत," तो म्हणाला. "हा एकच सैल करतो. पाय नीट टेकलेला असेल तर काटा हलणार नाही. पॉइंट शून्य पाचपर्यंत हलला तर चालतं."

त्यानं पाना लावला. बोल्ट करकरला आणि पाय स्प्रिंगसारखा वर उसळला. काटा अर्धं वर्तुळ ओलांडून गेला. सगळ्यांना दिसला.

"किती?" बाईंनी विचारलं.

"पॉइंट पाच आठ. चालतं त्याच्या अकरा पटींहून जास्त." त्यानं शिमांचे तुकडे चिमट्यानं एक एक ओढून बाईंच्या समोर कागदावर मांडले. "हे मी घातले. फट तिरकी होती, शिम घालून भागणारं नव्हतं. बोल्ट आवळला की मोटर पिळली जायची आणि शाफ्टची रेषा सुटायची. म्हणून रबर झिजलं. म्हणून जाळी हादरून बोल्ट तुटला. म्हणून पिन तुटली."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"मोटर बसवली त्याच दिवशी. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले चालवा. मी फॉर्मवर 'होय' लिहिलं."

साहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी नाही म्हटलं नाही.

"आणि जाळी?" बाईंनी विचारलं.

मामानं पाना खाली ठेवला. "त्यांनी मला फोन केला होता. दोन वाजून दहा मिनिटांनी. बंद करू का, विचारलं. मी बंद नको म्हणालो. जाळी काढायला मी सांगितली."

बाई लिहीत होत्या. पंपहाऊसमध्ये पेनाचा आवाज ऐकू येत होता. मामानं दाराकडे बघितलं. भाचीनं तोंडावर हात धरला होता. ताई त्याच्याकडे बघत होती, लहानपणी तो शाळेतून उशिरा आला की बघायची तशी, आधी हातपाय शाबूत आहेत का ते बघितल्यासारखी. मग ती उठली, पदर नीट केला आणि भाचीचा हात धरून बाहेर गेली.

अंतिम अहवाल महिन्याभरानं आला. ऑपरेटरची चूक नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. साहेबांची बदली झाली आणि त्यांच्यावर खटला भरला गेला. मामावरही भरला गेला, आणि त्याची नोकरी गेली. दोन नंबरचा कोपरा फोडून नवीन भरला तेव्हा बाहेरून माणूस आणून रेषा जुळवून घेतली. मामाला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्याचे हात डायलला लागले नसते.

अहवाल आला त्या आठवड्यात ताई त्याच्या घरी आली. एकटीच, गुडघे धरत, दोन जिने चढून. त्यानं पाणी दिलं. तिनं ते प्यायलं नाही, पण पेला हातात धरून ठेवला.

"फोनवर तू जे बोललास त्याचा मला राग नाही," ती म्हणाली. "घाईत माणूस काहीही बोलतो. तुला वाटलं असेल, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

मामा उभाच होता.

"पण ती पुडी तुझ्या ताटाजवळ होती. ह्यांनी तुला विचारलं. माझ्यासमोर विचारलं. तू माझ्या घरात बसून, माझ्या हातचं जेवत, ह्यांच्या तोंडावर सांगितलंस की काही नाही. आणि दुसऱ्या दिवशी तू पुन्हा जेवायला आलास." तिनं श्वास घेतला. "मला बाजूला घेऊन म्हणायचंस, ताई, उद्या ह्यांना कामावर पाठवू नकोस. मी कारण विचारलं नसतं."

"हो," मामा म्हणाला.

"का नाही म्हणालास?"

त्याच्याकडे उत्तर होतं, ते त्यानं दिलं. "सही बाहेर आली असती."

ताईनं मान हलवली. जणू एवढंच ऐकायला ती आली होती. पेला तिनं टेबलावर ठेवला.

"आता जेवायला येत जाऊ नकोस," ती म्हणाली. "मला तुला वाढता येणार नाही. डबा पाठवीन."

"नको ताई. मी करून घेईन."

"तुला काय करता येतं ते मला माहीत आहे." ती दाराशी गेली. तो तिला जिन्यापर्यंत धरायला पुढं झाला, तर तिनं कठडा पकडला आणि एकेक पायरी उतरत गेली.

डबा दुसऱ्या दिवसापासून यायला लागला. भाची नोकरीवरून येताना तो दारात ठेवते, आधीचा रिकामा उचलते. सुरुवातीला ती बेल वाजवून निघून जायची. आता कधी कधी उंबऱ्यात थांबते. मामा एका गॅरेजमध्ये गंजलेले भाग घासायचं काम करतो, तिथलं काही तरी विचारते. घरचं तो विचारत नाही. एकदा त्यानं तिला सांगून बघितलं, आईला म्हण, डबा बंद कर. भाची म्हणाली, "तू सांग तिला, मामा."  जेवण अजून गरम होतं. त्यानं तिच्यासमोरच डब्याचं झाकण उघडलं आणि उभ्या उभ्या खायला लागला, कारण ती बघत होती आणि घरी जाऊन सांगणार होती.